हत्यारबंदी, चंबळ आणि बंदीचं गणित

"बंदीने काही होत नाही" असं आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. पुरावा म्हणून दोन उदाहरणं ठरलेली असतात. एक गुजरातच्या दारूबंदीचं, दुसरं अमेरिकेच्या दारूबंदीचं. दोन्हीकडे ज्यांना प्यायची ते पीत राहिले, मग बंदूक आणि कट्ट्यावर कायदा करून तरी काय होणार, हा त्याचा पुढचा भाग. उलट टोकाला "कायदा आणखी कडक करा" म्हणणारे असतात. लग्नसराईत हर्ष फायरिंगमध्ये कुठेतरी कोणी दगावलं की दोन्ही बाजूंचे हे संवाद आठवडाभर चालतात आणि मग सगळं शांत होतं.

या वादात ग्वाल्हेरच्या इतिहासाला सांगण्यासारखं बरंच आहे. हत्यारांवर बंदी, हत्यारांची मोकळीक आणि हत्यारांचा परवाना, हे तिन्ही प्रयोग आपल्या परिसराने अनुभवले आहेत. माझा मूळ पेशा यंत्रांचा. त्यामुळे "कायदा यशस्वी झाला का" यापेक्षा "कुठे अडवलं आणि कुठून गळलं" हा प्रश्न मला आधी सुचतो. या लेखात तोच धरून चालतो.

छावणीतून झालेलं शहर

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा पडला आणि त्या तळाचंच शहर झालं. नावसुद्धा तेच राहिलं, लष्कर. आपले बरेचसे पूर्वज त्या फौजेबरोबर किंवा फौजेच्या हिशेबाच्या वह्यांबरोबर इथे आले. अशा गावात हत्यार ही परकी वस्तू नव्हती.

हत्यारं आटोक्यात आणण्याचा पहिला मोठा प्रयोग इथे झाला तो तहाच्या मार्गाने. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या आणि शिंद्यांची फौज हरली. पुढच्या महिन्यातल्या तहाने दरबारच्या फौजेवर ९,००० माणसांची मर्यादा आली, तोफांची संख्याही बांधून दिली गेली. त्याचबरोबर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिन्जंट वाढवली गेली, आणि तिचा खर्च संस्थानच्याच मुलखातून निघत होता.

कागदावर ही व्यवस्था चोख होती. ज्याची भीती वाटते त्याची हत्यारं काढायची आणि भरवशाच्या माणसाकडे द्यायची. १४ जून १८५७ रोजी मोरार छावणीत उठली ती हीच भरवशाची कंटिन्जंट. पुढे तात्या टोप्यांनी तिला कानपुरावर नेलं. दरबारची मर्यादित फौज मात्र वर्षभर जयाजीराव आणि दिनकरराव राजवाड्यांनी कशीबशी थोपवून धरली. १ जून १८५८ ला तीही फिरली. म्हणजे १८४४ च्या तहाने हत्यारं कमी झाली नव्हती, फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती. कुठलीही बंदी तपासताना हे आधी पाहावं लागतं.

१८७८ चा कायदा

बंड मोडल्यावर इंग्रजांनी मोठ्या प्रमाणावर हत्यारं गोळा केली ती अवधमध्ये. तिथून सुमारे १ लाख ९० हजार बंदुका आणि साडेपाच लाखांहून जास्त तलवारी जमा झाल्याची नोंद आहे. शेकडो गढ्या पाडल्या. ही नुसती घोषणा नव्हती. गावोगाव फिरून, तालुकदारांना दमात घेऊन केलेली वसुली होती. तिचा परिणामही झाला. १८५७ सारखा उठाव पुन्हा झाला नाही. त्याचं सगळं श्रेय हत्यारबंदीला देता येणार नाही, कारण रेल्वे आली, तारायंत्र पसरलं, तोफखाना गोऱ्या सैनिकांकडे गेला. पण घरोघरची बंदूक गेली हाही त्यातला एक भाग होता.

त्यानंतर लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा हत्यार कायदा आला. बंदूक बाळगायची तर परवाना हवा, ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट त्याने देशभर लागू केली. पण कायद्याबरोबर सवलतींची यादी होती आणि त्या यादीत युरोपियन होते, अँग्लो-इंडियन होते, काही राजेरजवाडे आणि बडे लोक होते. रानडुकरांपासून शेत राखायला किंवा वाघापासून गुरं वाचवायला बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला कलेक्टरच्या दारात उभं राहावं लागे, आणि त्याच गावात मुक्कामाला आलेल्या साहेबाच्या पोराला परवान्याची गरज नसे. वंशावरून केलेला हा भेद पहिल्या महायुद्धानंतर काढला गेला. तोवर चाळीस वर्षं होऊन गेली होती.

या चाळीस वर्षांत कायद्यातून दोन गोष्टी निपजल्या. एक म्हणजे राग. काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासून या कायद्याविरुद्ध तक्रार केली, आणि १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला. दुसरी गोष्ट जास्त सावकाश घडली. बंदूक ही सरकारमान्य प्रतिष्ठेची खूण झाली. ज्याच्याकडे परवाना तो सरकारच्या मर्जीतला. या दुसऱ्या गोष्टीची किंमत आपला भाग अजून मोजतो आहे.

गळती कुठून झाली

"१८७८ च्या कायद्याने काय थांबलं?" असं विचारणारे लगेच तीन नावं सांगतात. कायदा झाल्यावर वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीवर पहिला छापा घातला. २२ जून १८९७ ला पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं.

तिन्ही घटना खऱ्या आहेत, पण त्या नीट पाहिल्या तर वेगळंच काही दिसतं. फडक्यांच्या टोळीकडे तलवारी आणि हाताला लागतील त्या बंदुका होत्या. नियमित पलटणीपुढे त्यांचा निभाव लागणं शक्य नव्हतं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. कान्हेऱ्यांच्या हातातलं ब्राउनिंग पिस्तूल तर थेट लंडनहून आलं होतं. सावरकरांनी तिथून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली, त्यांतलं ते एक. म्हणजे देशातला नळ इतका घट्ट बंद होता की निश्चयी माणसांनाही सात समुद्रापलीकडून माल आणावा लागला. वीस पिस्तुलांसाठी आंतरराष्ट्रीय जाळं लागलं. बंदीने निश्चयी माणूस अडला नाही, पण त्याची संख्या, वेग आणि साधनं यांवर तिचा दाब पडला.

गळतीचं दुसरं तोंड आपल्या घराजवळचं आहे. भारतीय हत्यार कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांचे नियम आणि संस्थानांची शिथिलता आपापली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींना मारायला निघालेल्या कटवाल्यांपुढची एक मोठी अडचण चालेल असं पिस्तूल मिळवण्याची होती. २० जानेवारीला पहिला प्रयत्न फसला तेव्हा त्यांच्याजवळची रिव्हॉल्व्हरं भरवशाची नव्हती, हे खटल्यातल्या साक्षीत आलं आहे. मग २७ जानेवारीच्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला उतरले. दुसऱ्या रात्री ते दिल्लीकडे परतले तेव्हा इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल त्यांच्याजवळ होतं. या प्रकरणात आपल्या शहरातले डॉ. दत्तात्रय परचुरे यांना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली आणि पंजाब हायकोर्टाने ते अपिलात निर्दोष सोडले, हेही त्याच दमात सांगायला हवं.

मध्य भारत राज्य अजून व्हायचं होतं. मुंबईपासून दिल्लीपर्यंत ज्यांना भरवशाचं पिस्तूल मिळत नव्हतं त्यांना ते इथे एका दिवसात मिळालं. हा विषय आपल्या मराठी वस्तीत बोलायला जड जातो, हे मला माहीत आहे. पण बंदीच्या इतिहासात तो टाळता येत नाही. टाकीला नव्याण्णव ठिकाणी डांबर लावलं आणि एक भोक राहिलं, तर पाणी त्याच भोकातून येतं.

त्याच वर्षी डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांच्यामागे होता. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती बारगळली. घटनेत हक्क आला तो शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. ज्या नेत्यांनी इंग्रजांच्या हत्यार कायद्याला शिव्या घातल्या, त्यांनीच सत्ता हातात आल्यावर परवान्याची पद्धत ठेवली. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला वाटतं, फाळणीचं वर्ष पाहिलेल्या माणसांनी केलेला तो विचारपूर्वक बदल होता. भेद गेला, नियंत्रण राहिलं. १९५९ चा हत्यार कायदा त्याच पायावर उभा आहे.

दारू आणि बंदूक यांत फरक काय

आता दारूच्या उदाहरणाकडे येऊ. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी झाली. बडोदा नुकतंच त्या राज्यात विलीन झालं होतं, बेळगाव आधीपासून होतं. बेळगावला लागून गोवा आणि गुजरातेला लागून दमण, दोन्ही पोर्तुगिजांकडे, दोन्हीकडे दारू मोकळी. सरहद्दीवरून माल येणारच होता. पण सरहद्द नसती तरी फारसा फरक पडला नसता. गूळ किंवा मोहाची फुलं, नवसागर, एक पिंप, एक नळी आणि जळण एवढ्यावर दारू निघते. कारखाना लागत नाही, कारागीर लागत नाही. शिवाय दारू रोज संपते आणि पिणाऱ्याला रोज नवी लागते. म्हणजे हजारो नळ, आणि प्रत्येक नळ रोज चालू. कुठलंही पोलीस खातं एवढे नळ बंद करू शकत नाही. शेवटी ते नळवाल्याकडून हप्ता घेऊ लागतं.

बंदुकीचा स्वभाव याच्या उलट आहे. ती संपत नाही. आजोबांची बारा बोअर नातवाच्या लग्नातही उडते. म्हणून बंदुकीवरच्या कायद्याचा परिणाम वर्षा-दोन वर्षांत दिसत नाही, साठा हळूहळू आटावा लागतो. पण तिची निर्मिती अवघड असते आणि अडवायच्या जागा मोजक्या असतात.

अमेरिकेतच हे दोन्ही प्रयोग पाठोपाठ झाले, आणि नेमकं तेच उदाहरण अर्धवट सांगितलं जातं. जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ ला रद्द झाली. ती फसली, आणि तिच्या काळात टोळ्या वाढल्या हे खरं. पण त्याच टोळ्यांच्या हातातल्या टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन मशीनगन, यांच्यावर १९३४ मध्ये वेगळा कायदा आला. मशीनगन आणि नळी कापलेल्या शॉटगन यांची नोंदणी सक्तीची झाली आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर लागला. तेव्हा टॉमी गनची किंमतच साधारण तेवढी होती. बंदी नव्हती, फक्त नोंद आणि जबर कर. त्या देशात साध्या पिस्तुलांचा सुळसुळाट आजही आहे, पण नोंदणीतल्या मशीनगनने गुन्हा होणं अगदी क्वचित घडतं. देश तोच आणि टोळ्याही त्याच होत्या. दारू आटोक्यात आली नाही, मशीनगन आली.

ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना मारल्यावर सरकारने काही प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. पण त्या नुसत्या जप्त केल्या नाहीत, पैसे देऊन परत घेतल्या. सुमारे साडेसहा लाख बंदुका जमा झाल्या. पुढे बंदुकीने होणारे मृत्यू, विशेषतः आत्महत्या, कमी झाल्या. यात कायद्याचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे. पण साठा उपसायचा असेल तर लोकांना हत्यार परत देण्याची सन्मानाची वाट ठेवावी लागते, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

चंबळ: परवाना की मान

ही सन्मानाची वाट आपल्याकडे ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी आधी वापरली गेली. मानसिंग १९५५ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, पण बीहड शांत झाला नाही. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिलं, आणि मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैन्यात पायी फिरले. त्यांच्यापुढे लुक्का आणि त्याच्यासारख्या बागींनी बंदुका ठेवल्या. १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर मोहरसिंग, माधोसिंग यांच्या टोळ्यांनी हत्यारं टाकली. त्या काळात चंबळ आणि बुंदेलखंड मिळून शेकडो बागी शरण आले. १२ फेब्रुवारी १९८३ ला भिंडमध्ये फूलनदेवी. या सगळ्यांच्या बंदुका कायद्याने आधीच बेकायदा होत्या. त्या खाली आल्या तेव्हा कायद्याची कलमं नव्याने कडक झालेली नव्हती. फाशी होणार नाही, जमीन मिळेल, मुलांचं शिक्षण होईल, असा विश्वास कोणीतरी दिला होता.

पण त्याच काळात दुसऱ्या बाजूने टाकी भरत होती. डाकूंपासून गावाचं रक्षण म्हणून गावकऱ्यांना परवाने मिळत गेले. तेव्हाची गरज खरी होती. डाकू गेले, बंदुका राहिल्या. १८७८ पासून मुरलेली कल्पना, की परवाना म्हणजे सरकारदरबारी वजन, इथे पक्की झाली. खांद्यावर दुनाली म्हणजे शान. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना काढली, आणि तिला प्रतिसादही मिळाला. लोकांना बंदूक कशासाठी हवी याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही. शत्रूसाठी नसबंदी कोणी करत नाही, मानासाठी करतो.

आणि कट्टा? स्टिअरिंगच्या पाइपची नळी, खराद मशीन, एखादा कुशल हात, की कट्टा तयार. इथे बंदूक दारूसारखी वागते असं वाटतं. पण पुढचा प्रश्न विचारा. कट्टा नेहमी बारा किंवा ३१५ बोअरचाच का असतो? कारण काडतूस घरी बनत नाही. पितळेची ओढून काढलेली पुंगळी, बुडाची टोपी, बिनधुराची दारू यांना कारखाना लागतो. इंग्रजांनी लष्कराची थ्री-नॉट-थ्री सामान्यांना बंद केली आणि त्याऐवजी ३१५ चालू दिली ती याच हिशेबाने, की लष्करी काडतूस बाहेरच्या बंदुकीत बसू नये. आज परवान्यावरची बरीचशी काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली असतात, बुडावर केएफ असा छाप असतो. भिंडच्या एखाद्या वरातीत पडलेली रिकामी पुंगळी उचलली तर त्यावर खडकीचं नाव सापडू शकतं. कट्टा गावठी असतो, पण त्याचं काडतूस कोणत्या तरी परवान्यावरूनच गळलेलं असतं.

अडवायची जागा तीच. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे लिहिलेलंच असतं. ती कुठे उडाली हे मात्र कोणी मनापासून विचारत नाही. निवडणूक आली की याच जिल्ह्यांत हजारो परवानाधारक आपल्या बंदुका मुकाट्याने ठाण्यात जमा करतात, पावती घेतात आणि निकालानंतर सोडवून आणतात. हे दर निवडणुकीला होतं, आकाश कोसळत नाही. म्हणजे यंत्रणा आहे, सवय आहे, नोंदवह्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. पण वरातीत बंदूक उडते तेव्हा ठाणेदारही बहुधा पाहुणा असतो, आणि आवाज ऐकू येऊनही साक्षीदार सापडत नाही. नव्या कलमापेक्षा काडतुसांच्या चोख हिशेबाचा उपयोग जास्त होईल, असं मला वाटतं.

हाती काय लागतं

बंदी चालते का, याचं एक उत्तर नाही. वस्तू बनवायला किती अवघड, ती किती दिवस टिकते, शेजारची सरहद्द कोणाच्या हातात, कायदा सगळ्यांना सारखा आहे का, आणि ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला ती सोडण्याची वाट आहे का, या पाच प्रश्नांवर ते ठरतं. दारूबंदी पहिल्या दोन प्रश्नांवरच अडखळते. १८७८ चा कायदा पहिल्या दोहोंत उत्तीर्ण झाला, सरहद्द आणि समानता यांत नापास झाला, आणि पाचवा प्रश्न त्याने विचारलाच नाही. म्हणून त्याने बंदुका कमी केल्या, पण बंदुकीची किंमत वाढवून ठेवली.

निश्चय केलेल्या माणसाला कायदा पूर्ण थांबवत नाही हे मान्य. पण दरवर्षी बंदुकीने मरणाऱ्यांत निश्चयी मारेकऱ्याचं सावज झालेलेच नसतात. वरातीच्या गच्चीवर उभी असलेली मुलगी असते, बांधाच्या भांडणात रागाच्या भरात गोळी लागलेला भाऊ असतो, कर्जाने खचून घरातली बंदूक स्वतःवर धरणारा माणूस असतो. यांच्यापैकी कोणापुढेही लंडनहून पिस्तूल आणणारं जाळं नव्हतं. भिंतीवर बंदूक टांगलेली होती आणि तिच्यात काडतूस होतं, एवढंच. ते काडतूस त्या दिवशी तिथे नसतं, तर त्यांच्यातले बरेच जण आज घरी असते.